मानपानावर चाललेले साम्राज्य

इ.स.च्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्य ब्रिटनपासून युफ्रेटिस नदीच्या काठापर्यंत पसरले होते आणि त्यात साधारण पाच ते सहा कोटी माणसे राहत होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढा पसारा सांभाळण्यासाठी रोमहून जे वरिष्ठ अधिकारी प्रांतोप्रांती पाठवले जात, त्यांची संख्या मात्र शेकड्यांतच मोजावी लागते. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातसुद्धा मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत केवढी लांब साखळी लागते, हे आपण रोज पाहतो. मग तारयंत्र नाही, छापखाना नाही, प्रशिक्षित कारकुनांची फौज नाही, अशा काळात मूठभर माणसांनी एवढे राज्य शतकानुशतके चालवले कसे, हा प्रश्न मला फार वर्षे छळत आला आहे. त्याचे जे उत्तर मला सर्वांत पटते, ते आज सविस्तर मांडायचे आहे.

सैन्याच्या बळावर, हे उत्तर चटकन सुचते आणि ते खोटेही नाही. पण सैन्याचा मोठा भाग ऱ्हाइन, डॅन्यूब आणि पूर्वेकडच्या सरहद्दींवर तैनात असे. आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तरेला असलेल्या बिथिनिया-पाँटस या संपन्न प्रांतात एकही लीजन, म्हणजे रोमन सैन्याचे मोठे मुख्य पथक, नव्हते. तिथे इ.स. 110च्या सुमारास प्लिनी नावाचा सेनेटर, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेचा सभासद, प्रांताधिपती म्हणून गेला आणि त्याचा सम्राट ट्रेजनशी झालेला पत्रव्यवहार सुदैवाने आपल्यापर्यंत पोचला आहे. त्या पत्रांतून दिसणारा अधिकारी तलवार उपसून फिरत नाही. तो गावोगावचे हिशेब तपासतो, अर्ज वाचतो आणि स्थानिक पुढाऱ्यांशी फार जपून बोलतो.

राज्याचा खरा गाडा हे स्थानिक पुढारीच ओढत होते. प्रत्येक नगराला स्वतःची सभा होती. तिचे सभासद जमीनजुमला असलेल्या घराण्यांतून येत आणि करवसुली, रस्ते, पाणी, बाजार, धान्याचा साठा, उत्सव ही सगळी कामे त्यांच्या शिरावर असत. या कामाचा पगार नव्हता. उलट अनेक ठिकाणी सभेत शिरतानाच रक्कम भरावी लागे. बिथिनियात काही नव्या सभासदांनी एक ते दोन हजार दिनार (रोमन चांदीची नाणी) भरल्याचे प्लिनी लिहितो. पद मिळाल्यावर खेळ भरवणे, स्नानगृह बांधून देणे, दुष्काळात पदरचे धान्य वाटणे हे सारे ओघाने येई. खिशाला खार लावून सरकारचे काम करायला माणसे का पुढे येत असतील?

आमच्या फोंडा तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे कोडे फार काळ कोडे राहत नाही. जत्रेच्या किंवा काल्याच्या वेळी देवळात पावणी होते. देवाला वाहिलेला नारळ किंवा केळीचा घड पुकारला जातो आणि बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा तो नारळ बघता बघता हजारांवर जातो. बोली चढवणाऱ्याला नारळ नको असतो. आपले नाव देवासमोर आणि गावासमोर पुकारले जावे, पलीकडच्या वाड्याने आपल्यावर मात करू नये, आजोबांनी जो मान राखला तो आपल्या हातून सुटू नये, यासाठी तो हात वर करत राहतो. ते पैसे देवळाच्या छपराला आणि तळीच्या पायऱ्यांना लागतात. कुणी कर बसवलेला नसतो आणि कुणाला नोटीस गेलेली नसते. पण त्या पावणीत दोन अटी गृहीत असतात: पुकारणाऱ्या संस्थेला स्वतःला मान असला पाहिजे, आणि ऐकणारी माणसे अशी असली पाहिजेत की त्यांच्या नजरेत मोठे ठरणे बोली लावणाऱ्याला मोलाचे वाटते. रोमन राज्यव्यवस्था याच दोन अटींवर उभी होती आणि त्या सैल पडल्या तेव्हा ती खिळखिळी झाली, असे माझे मत आहे.

आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिणेला असलेल्या लिकिया प्रांतातल्या ऱ्होडिआपोलिस या डोंगरी गावात ओप्रामोआस नावाच्या धनिकाची समाधी आहे. इ.स. 141च्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला, अनेक नगरे कोसळली आणि या गृहस्थाने देवळे, स्नानगृहे, नाट्यगृहे पुन्हा उभारण्यासाठी एकामागून एका नगराला देणग्या दिल्या. त्याच्या समाधीच्या भिंतींवर सुमारे 70 दस्तऐवज कोरलेले आहेत. त्यांत सम्राट अँटोनायनस पायसची पत्रे आहेत, प्रांताधिपतींची पत्रे आहेत, लिकियाच्या नगरसंघाचे ठराव आहेत. या माणसाने आयुष्यभर जे कमावले त्याचा हिशेब त्याने दगडावर मांडला, आणि त्या हिशेबात जमिनींची वा नाण्यांची यादी नाही, कुणी कधी आपली स्तुती केली याची यादी आहे. सम्राटाचे चार ओळींचे पत्र त्याला एका स्नानगृहाच्या खर्चाइतके मोलाचे वाटत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या राज्याचे अर्थकारण समजत नाही. हा मान पुरुषांपुरता मर्यादित नव्हता. पेर्गे नगरातल्या प्लांकिया माग्ना या स्त्रीने नगराची वेस पुतळ्यांनी सजवली, नगरातले वरिष्ठ पद भूषवले आणि नगराने तिचे पुतळे उभारले.

हे सगळे मनाच्या मोठेपणातून घडत होते असे समजणे मात्र चूक ठरेल. मानाला दुसरी बाजू होती ती भीतीची. प्रूसा, म्हणजे आजच्या बुर्सा, या नगरातला डिओ क्रिसोस्टोम हा नामांकित वक्ता होता आणि श्रीमंतही होता. धान्याची टंचाई झाली तेव्हा त्याच्या घरावर जमाव चालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सभेत उभे राहून आपली बाजू मांडावी लागली. ज्या लोकांनी नाट्यगृहात एखाद्याचा जयजयकार करायचा, त्याच लोकांच्या हातात वेळ आली की दगड असत. देणगी न देणारा श्रीमंत हा नुसता कंजूष ठरत नसे, त्याची अब्रू जात असे आणि क्वचित घरही.

शिवाय या चढाओढीत पैसा वायाही फार गेला. निकोमीडिया नगराने एका पाण्याच्या पाटावर 33,18,000 सेस्टर्स (दिनारापेक्षा लहान रोमन नाणे) खर्च केले आणि काम अर्धवट सोडले. दुसऱ्या पाटावर आणखी 2 लाख घातले आणि तोही सोडून दिला. शेजारच्या निकिआ नगरात नाट्यगृहावर 1 कोटीहून अधिक सेस्टर्स खर्च झाले होते आणि इमारत खचून तिला मोठमोठे तडे गेले होते. त्यातली मेख अशी की त्या नाट्यगृहाला सभामंडप आणि सज्जे जोडून देण्याची वचने खासगी धनिकांनी दिली होती, आणि मूळ इमारतच पुरी होत नसल्यामुळे ती वचने लटकून राहिली होती. प्लिनीने हे कळवल्यावर ट्रेजनने पाण्याच्या पाटाविषयी लिहिले की, एकमेकांची सोय पाहण्यासाठी तर ही कामे सुरू करून सोडली नाहीत ना, हे आधी शोधून काढ. सार्वजनिक बांधकामांच्या अपुऱ्या खांबांखालून रोज जाणाऱ्या गोमंतकीय वाचकाला त्या सम्राटाचा संशय अपरिचित वाटणार नाही.

अधिकारी आणि स्थानिक पुढारी यांच्यातले नाते प्रत्यक्षात कसे असे, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत जिवंत पुरावा फ्रान्समधल्या नॉर्मंडीत सापडला. इ.स. 238मध्ये कोरलेला तो एका पुतळ्याचा चौथरा आहे. पुतळा होता तितुस सेनियस सोलेम्निस या गॉल माणसाचा. गॉल म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स. काही वर्षांपूर्वी क्लॉडियस पॉलिनस हा त्या प्रांताचा अधिपती होता. त्याची मुदत संपल्यावर गॉल प्रांतांच्या सभेत त्याच्यावर आरोप ठेवण्याची तयारी काही नाराज मंडळींनी केली. तेव्हा सोलेम्निस उभा राहिला आणि म्हणाला की, माझ्या नगराने मला प्रतिनिधी म्हणून पाठवताना आरोपाविषयी काहीही सांगितलेले नाही, उलट या अधिकाऱ्याची स्तुतीच केली आहे. एका नगराने आरोपाला साथ नाकारल्यावर इतरही मागे सरले आणि आरोप बारगळला.

पॉलिनस पुढे ब्रिटनमध्ये अधिकारी झाला आणि तिथून त्याने सोलेम्निसला पत्र पाठवले. सोबत काय पाठवले त्याची यादी त्या दगडावर आहे: झगे, लाओदिकियाचा डाल्मातिका अंगरखा, रत्नजडित सोन्याची पिन, पांघरुणे आणि सीलचे कातडे. त्याशिवाय सैन्यातल्या एका पदाची नेमणूक आणि त्या पदाचा 25,000 सेस्टर्सचा पगार सोन्यात. हे सगळे सोलेम्निसच्या गावकऱ्यांनी झाकून ठेवले नाही, चौकात कोरून ठेवले. आजच्या कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर साक्षीदाराला दिलेली ही उघड लाच आहे. पण त्या काळच्या माणसांना यात एक मोठा माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाचे ऋण जाणतो एवढेच दिसत होते, आणि असे ऋण जाणणारे मित्र आपल्या नगराला आहेत याचाच त्यांना अभिमान होता.

या दगडाकडून मी एक गोष्ट शिकलो. मान वरून खाली वाहतो, सम्राट देतो आणि प्रजा घेते, अशी माझी सुरुवातीची कल्पना होती. प्रत्यक्षात प्रांताधिपतीलाही प्रांताकडून प्रशस्तिपत्र हवे असे. ते घेऊन रोमला परतला तर पुढची बढती सोपी, आणि प्रशस्तीऐवजी तक्रारदारांचे शिष्टमंडळ मागोमाग आले तर सेनेटपुढे खटला. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या शब्दाची गरज होती. म्हणूनच पत्रे, शिफारशी, ठराव आणि शिष्टमंडळे यांत या लोकांचा एवढा वेळ जाई. ते त्यांचे रिकामपण नव्हते, तोच त्यांचा राज्यकारभार होता.

नगरांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. इ.स. 26मध्ये आशिया या प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग) 11 नगरांनी तिबेरियस सम्राटाचे मंदिर आपल्याकडेच व्हावे म्हणून रोमच्या सेनेटपुढे आपापली वंशावळ आणि इतिहास मांडला, आणि सम्राट स्वतः कित्येक दिवस बसून ते ऐकत होता. शेवटी मान स्मर्नाला मिळाला. शंभरेक वर्षांनी एफेसस आणि स्मर्ना यांच्यात वाद झाला तो किताबांवरून. स्मर्नाने एका संयुक्त यज्ञाविषयीच्या ठरावात एफेससचे पूर्ण किताब लिहिले नाहीत, अशी तक्रार थेट सम्राट अँटोनायनस पायसकडे गेली. त्याचे उत्तर एफेससमध्ये कोरलेले सापडले आहे. पर्गामम नगराने तुमचे किताब बरोबर लिहिले याचा आनंद आहे, स्मर्नाकडून ते अनवधानाने राहिले असावेत आणि पुढे ते आनंदाने लिहितील, मात्र तुम्हीही त्यांना लिहिताना त्यांचे किताब नीट लिहीत जा, असा त्याचा आशय. पृथ्वीवरच्या सर्वांत बलाढ्य माणसाने दोन गावांच्या मायन्यावर लक्ष घालावे हे वरवर क्षुल्लक वाटते, पण पालखी आधी कुठल्या दारात थांबावी यावरून प्रकरण मामलेदारापर्यंत गेलेले ज्याने पाहिले आहे, त्याला या उत्तरातले शहाणपण कळेल. त्याने कुणालाही दोषी ठरवले नाही आणि कुणाचाही मान कमी केला नाही.

डिओ क्रिसोस्टोमने निकोमीडिया आणि निकिआ यांच्यातल्या भांडणावर एक भाषण केले आहे. प्रांतात पहिले नगर कोणते, एवढाच वाद होता. तो म्हणतो की या पहिलेपणातून तुम्हाला ना जमीन मिळते ना कर, आणि रोमन लोक तुमच्या या ग्रीक खोडींवर हसतात. मला डिओबद्दल आदर आहे, तरीही इथे त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रोमन हसत असतील, पण त्या भांडणाने त्यांचेच राज्य पक्के होत होते. शेजाऱ्यापेक्षा मोठे ठरण्यासाठी ज्या नगराला सम्राटाचा दरवाजा ठोठवावा लागतो, ते शेजाऱ्याशी हातमिळवणी करून सम्राटाविरुद्ध उठत नाही.

आपल्याकडच्या साम्राज्यांनाही हे तंत्र चांगले ठाऊक होते. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या गोव्याच्या कदंबांच्या शिलालेखांत राजाच्या नावाआधी महामंडलेश्वर, पंचमहाशब्द लाभलेला अशी बिरुदांची रांग लागते. पाच वाद्ये आपल्यापुढे वाजवत नेण्याचा हा मान सार्वभौम राजाकडून मिळत असे आणि तो मिरवणारा प्रत्येक वेळी सार्वभौमाचे वरिष्ठत्वही वाजतगाजत मान्य करत असे. सहाव्या विक्रमादित्याने आपली मुलगी मैलालदेवी कदंब दुसऱ्या जयकेशीला दिली, तीही याच जातीची गोष्ट होती. त्या कदंबांचे सिंहलांछन आज आपल्या कदंब महामंडळाच्या बसवर फिरते.

मान देता येतो तसा काढूनही घेता येतो, आणि ती शिक्षा किती जिव्हारी लागते हे इ.स. 193नंतरच्या यादवीत दिसले. सेप्टिमियस सेव्हेरस आणि पेस्केनियस नायजर हे दोघे सिंहासनासाठी लढले. निकोमीडियाने सेव्हेरसचा पक्ष घेतला म्हणून निकिआने नायजरचा घेतला, आणि नायजर हरला. आजच्या इझ्निकमध्ये निकिआच्या जुन्या वेशी उभ्या आहेत. त्यांच्यावरच्या लेखांत जिथे नगराचे अभिमानाचे किताब होते, तिथली अक्षरे छिन्नीने तासून काढलेली आहेत. अँटिओक हे पूर्वेकडचे महानगर, पण त्यानेही नायजरला साथ दिली होती, म्हणून सेव्हेरसने त्याचा नगराचा दर्जा काढून त्याला सीरियातल्याच लाओदिकिया या प्रतिस्पर्धी नगराच्या ताब्यातले खेडे ठरवले. बिझान्टियमने दीर्घ वेढ्यात तग धरला आणि शेवटी त्याला पेरिंथस या शेजाऱ्याच्या हाताखाली दिले. तटबंदी पाडणे हा युद्धाचा नेहमीचा भाग होता. पण प्रत्येक वेळी नेमका प्रतिस्पर्धी शेजारी शोधून त्याच्या पायाशी नेऊन बसवणे, यासाठी मानाचे गणित पक्के ठाऊक असावे लागते.

सम्राट स्वतः या गणिताच्या बाहेर नव्हता. पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत लिहिला, त्यात तो म्हणतो की प्रतिष्ठेत मी सर्वांच्या पुढे होतो, पण अधिकार माझ्या पदावरच्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक नव्हता. दुसरा भाग पूर्ण खरा नाही हे सगळे जाणत होते, तरी असे म्हणणे त्याला आवश्यक वाटले, कारण सेनेटर मंडळींना आपला मान शाबूत दिसायला हवा होता. ट्रेजनने हेच पथ्य पाळले. प्लिनीने आपला मित्र सुएटोनियस याच्यासाठी एक कायदेशीर सवलत मागितली, जी तीन मुलांच्या बापांसाठी राखीव होती. ट्रेजनने ती दिली, पण देताना आठवण करून दिली की अशा सवलती मी किती हात राखून देतो हे तुला माहीत आहे. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. देणाऱ्याने हात राखला तरच घेणाऱ्याला घेतल्याचा आनंद.

याच्या उलट सम्राट कालिगुला. आपल्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोममधला सर्वोच्च पदाधिकारी, करण्याचा त्याचा विचार होता अशी वदंता सुएटोनियसने नोंदवली आहे. ती खरी असो वा नसो, त्यातून कॉन्सलपदाची जी विटंबना होत होती ती रोममध्ये सर्वांना समजली. जिवंत सोडल्याबद्दल आभार मानणाऱ्या एका वृद्ध सेनेटरपुढे त्याने चुंबनासाठी आपला डावा पाय केला, असे तत्त्वज्ञ सेनेकाने संतापून लिहिले आहे. राजरक्षकांमधल्या कॅसियस कायरिया या उतारवयाच्या अधिकाऱ्याला तो रोज परवलीचा शब्द देताना अश्लील शब्द द्यायचा आणि त्याच्या पुरुषत्वाची खिल्ली उडवायचा. इ.स. 41च्या जानेवारीत त्याच कायरियाने पहिल्या काही घावांतला घाव घातला. कटाला इतरही कारणे होती, तरी ज्यांच्या मानावर आपले सिंहासन टेकले आहे त्यांनाच पायदळी तुडवण्याचे फळ त्या तरुण सम्राटाला चार वर्षांत मिळाले.

सैनिकांशी कसे बोलावे याचा धडा सम्राट हेड्रियनकडून घ्यावा. इ.स. 128मध्ये तो आफ्रिकेतल्या लांबेसिस छावणीत गेला, निरनिराळ्या पथकांच्या कवायती पाहिल्या आणि प्रत्येकाला वेगळे भाषण केले. ती भाषणे तिथे कोरून ठेवली होती. कोमाजेनच्या पथकातल्या घोडेस्वारांची कवायत अधिक पगाराच्या, उमद्या घोड्यांच्या पथकानंतर झाली होती. हेड्रियन त्यांना म्हणाला की कमी घोडेस्वार, कमी पगार आणि त्या मानाने साधी घोडी-हत्यारे असताना मोठ्या पथकानंतर उतरून डोळ्यांत भरणे अवघड असते, पण तुम्ही उत्साहाने ती उणीव भरून काढली. खोटी स्तुती नाही आणि उपेक्षाही नाही. बघणाऱ्याने आपल्याला नीट पाहिले आहे, ही खात्री त्या सैनिकांना झाली असणार.

आता ज्याविषयी शिलालेख गप्प आहेत त्याविषयी बोलले पाहिजे, नाहीतर हे लेखन त्या धनिकांच्या प्रशस्तीसारखेच एकांगी होईल. मानाचे हे जग वरच्या थरापुरते होते. दुसऱ्या शतकापासून रोमन कायद्यात प्रतिष्ठित आणि सामान्य असा भेद स्पष्ट दिसू लागतो. एकाच गुन्ह्यासाठी नगरसभेच्या सभासदाला हद्दपारी, तर साध्या माणसाला खाणीतली सक्तमजुरी, क्रूस किंवा हिंस्र श्वापदे. गुलामाला तर अब्रू असते हेच मान्य नव्हते. पर्गाममचा वैद्य गॅलेन लिहितो की दुष्काळाच्या वर्षांत नगरवासी सुगी होताच गहू, जव, कडधान्ये उचलून नेत, आणि खेड्यातली माणसे उरलेसुरले संपल्यावर झाडांच्या कोवळ्या डहाळ्या, कंद आणि मुळे खाऊन आजारी पडत. ओप्रामोआससारख्यांच्या देणग्यांचा पैसा शेवटी याच शेतांतून येत होता. जेरुसलेमसारख्या ठिकाणी, जिथे मानाची भाषा चालली नाही, तिथे इ.स. 70मध्ये रोमन सैन्याने नगर उद्ध्वस्त केले हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे मान हा बळाला पर्याय होता असे मी म्हणणार नाही. बळ नेहमी मागे उभे होते. मानामुळे ते रोज वापरावे लागत नव्हते, आणि एवढ्या थोड्या माणसांत राज्य चालण्याचे इंगित तेच होते.

ही व्यवस्था कुठून फाटू लागली याची चिन्हे फार आधीपासून दिसतात. ऱ्होड्स बेटावर सन्मान इतके वाढले की नवे पुतळे घडवणे परवडेना, तेव्हा उभ्या असलेल्या जुन्या पुतळ्यावरचे नाव खोडून त्याखाली नव्या सत्कारमूर्तीचे नाव कोरण्याची सोय अधिकाऱ्यांनी काढली. डिओने तिथल्या सभेत यावर घणाघाती भाषण केले. ज्यांनी तुमच्यासाठी जीव दिला त्यांचे नाव पुसलेत तर उद्या कोण तुमच्यासाठी झटेल, हा त्याचा प्रश्न बिनतोड आहे. रोममध्ये कॉमोडस सम्राटाच्या काळी क्लिआंडर या त्याच्या मर्जीतल्या माणसाने पदे विकायला काढली आणि इ.स. 190 या एका वर्षात 25 कॉन्सल झाले. ज्या पदावरच्या माणसांच्या नावांनी वर्ष ओळखले जाई, ते पद पंचवीस जणांत वाटले गेले.

तिसऱ्या शतकातली युद्धे, नाण्यांची घसरण आणि रोगराई यांनी नगरांचे कंबरडे मोडले. त्यानंतर सम्राट डायोक्लिशनने प्रांतांची संख्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे शंभराच्या घरात नेली आणि पगारी नोकरांचा मोठा कारभार उभा राहिला. चौथ्या शतकाच्या शेवटी त्यांची संख्या 30,000हून अधिक असावी, असा अंदाज आहे. मान संपला नव्हता, त्याचे ठिकाण बदलले होते. क्लारिस्सिमी, त्यांच्यावर स्पेक्ताबिलेस, त्यांच्यावर इलुस्त्रेस अशा किताबांच्या पायऱ्या झाल्या, कोणी कोणाच्या पुढे बसावे याचे कायदे झाले, आणि आपल्या पायरीपेक्षा वर बसणाऱ्याला देवद्रोही समजावे असेही एका कायद्यात लिहिले गेले. पूर्वी मान गावाच्या चौकात, गावावर खर्च करून मिळवावा लागे. आता तो दरबारातून सनदेने मिळू लागला, आणि ती सनद हाती आली की गावाच्या खर्चातून सुटकाही होऊ लागली. साहजिकच ऐपतीचे सभासद गाव सोडून सरकारी नोकरीत, सेनेटच्या श्रेणीत किंवा चर्चच्या सेवेत शिरले, आणि मागे राहिलेल्या दुबळ्या सभासदांवर करवसुलीची तूट भरण्याचा बोजा पडला. इ.स. 438मध्ये जी थिओडोसियन संहिता प्रसिद्ध झाली, तिच्यातल्या नगरसभासदांविषयीच्या एकाच प्रकरणात 192 कायदे आहेत. त्यांतले कितीतरी कायदे पळालेल्या सभासदांना शोधून परत आणण्याविषयी आणि बापाचे पद मुलावर सक्तीने लादण्याविषयी आहेत. एकच हुकूम निरनिराळ्या सम्राटांना पुन्हा पुन्हा काढावा लागला, यावरून तो किती पाळला जात होता हे कळते.